मलकापुरात आज काय आहे?

मलकापूर रेल्वे स्थानकाबाहेर मोकळ्या आकाशाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातील स्मार्टफोनला, तो माणूस पृथ्वीच्या पाठीवर नेमका कोठे उभा आहे, हे साधारण पाच मीटरच्या फरकाने सांगता येते. मात्र त्याच सायंकाळी गावात कोणाचे कीर्तन आहे, मोफत नेत्रतपासणी शिबिर कोणत्या शाळेत भरले आहे, शेजारच्या शिवारात शंकरपट आहे की नाही, यातले काहीही त्या फोनला ठाऊक नसते. ते ठाऊक असते चौकातल्या फ्लेक्सला, भोंगा लावून फिरणाऱ्या ऑटोरिक्षाला आणि सकाळी वर्तमानपत्राच्या घडीतून गळून पडणाऱ्या पत्रकाला. ज्याच्या हाती पत्रक पडले नाही त्याला शिबिर झाल्याचे दुसऱ्या दिवशी कळते. कीर्तन हुकले तर पुन्हा ऐकता येते; रोजगार मेळावा किंवा मोतीबिंदूची तपासणी हुकली तर वर्ष जाते.

माणूस आहे तेथून जवळपास आज काय चालू आहे हे सांगणारी ॲप्स मोठ्या शहरांना नवी नाहीत. साठ-सत्तर हजार वस्तीच्या आणि भोवती खेड्यांचा गराडा असलेल्या मलकापूरसारख्या तालुक्याच्या गावासाठी असे ॲप बनवायचे झाल्यास त्याची रचना कशी असावी, हा प्रश्न मात्र निराळा आहे. महानगरात माहितीचा पूर असतो आणि त्यातून निवड करून देणे हे ॲपचे काम असते. येथे माहिती आहे, पण ती फोनपर्यंत पोहोचतच नाही.

ठिकाण कसे कळते?

तंत्राची बाजू तुलनेने सोपी आहे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि आपली वेळ व जागा सांगणारा संदेश सतत पाठवत असतात. संदेश यायला लागलेल्या वेळेवरून फोन प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढतो. जागा ठरवण्यासाठी तीन उपग्रह आणि फोनच्या स्वस्त घड्याळातील चूक सुधारण्यासाठी चौथा, असे किमान चार उपग्रह दिसावे लागतात. मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे व फरक शंभर मीटरपर्यंत जात असे. ती मिसळ बंद झाली आणि वाहनातील व पुढे फोनमधील नकाशांचा मार्ग मोकळा झाला. भारताच्या ‘नाविक’ या स्वतःच्या प्रणालीचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये, तर सातवा एप्रिल २०१६ मध्ये सोडण्यात आला.

छताखाली उपग्रह दिसत नाहीत. तेथे फोन जवळच्या मोबाइल टॉवरवरून आणि वाय-फायवरून अंदाज बांधतो. रेल्वेने नित्य प्रवास करणाऱ्यांना याचा अनुभव ‘व्हेअर इज माय ट्रेन’ या ॲपमुळे आहे. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्ज या छोट्या कंपनीने ते तयार केले आणि डिसेंबर २०१८ मध्ये गुगलने ती कंपनी विकत घेतली. गाडीत बसलेल्या प्रवाशाचा फोन मार्गावरील कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहे, एवढ्यावरून ते गाडी कोठे पोहोचली हे सांगत असे. त्यासाठी इंटरनेटही लागत नसे, जीपीएसही नाही. साधन नेमके किती अचूक हवे हे आधी ठरवले की पुढचे बरेच प्रश्न सुटतात, हा त्यातला धडा आहे.

गावातले कार्यक्रम शोधण्यासाठी पाच मीटरची अचूकता लागतच नाही. माणूस मलकापुरात आहे, नांदुऱ्यात आहे की मोताळ्यात, एवढे कळले तरी पुरते. आयफोनच्या प्रणालीने २०२० पासून आणि अँड्रॉइडने २०२१ पासून वापरकर्त्याला ‘अंदाजे ठिकाण’ एवढीच परवानगी देण्याची सोय केली आहे. अशा ॲपने त्याहून अधिक काही मागू नये. मागितले तर लोक परवानगी नाकारतात, आणि ठिकाणावरच चालणारे ॲप मग मुके होऊन बसते.

मलकापूर कोणते?

ठिकाण उपग्रहाकडून न घेता वापरकर्त्याने नाव टाइप केले, तर अडचणी सुरू होतात. मलकापूर महाराष्ट्रात एक नाही. सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर आहे, कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्याचे मलकापूर आहे, अकोला शहराला लागूनही मलकापूर आहे. नुसत्या नावावर विसंबलेले ॲप बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला कराडचे व्याख्यान दाखवून मोकळे होईल. पुन्हा जिल्ह्याचे नाव कोणी ‘बुलडाणा’ लिहितो, कोणी ‘बुलढाणा’. ‘मलकापूर’ आणि ‘मलकापुर’ ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी गावे ठरतात. रोमन अक्षरांत लिहिणारे आणखी निराळे. त्यामुळे प्रत्येक गावाला एक क्रमांक देऊन त्याची सर्व प्रचलित रूपे त्या क्रमांकाखाली नोंदवून ठेवणे, हे काम नकाशा रंगवण्याच्या आधी करावे लागते. ते कंटाळवाणे आहे आणि बहुतेक ठिकाणी ते अर्धवट सोडले जाते.

‘जवळ’ म्हणजे किती?

मलकापूरच्या अक्षांशावर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०४. या हिशेबाने दोन बिंदूंमधले सरळ अंतर काढणे संगणकाला क्षणाचेही काम नाही. परंतु माणूस सरळ रेषेत प्रवास करीत नाही. सरळ रेषेत मोजले तर मलकापूरहून बुलडाणा सुमारे ४० किलोमीटर आणि भुसावळ सुमारे ४८. म्हणजे ॲपच्या दृष्टीने बुलडाणा जवळ. प्रत्यक्षात जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे जात नाही. मोताळ्यावरून राजूर घाट चढून वर जावे लागते. भुसावळ मात्र मुंबई-नागपूर लोहमार्गावर असल्यामुळे गाडी मिळाली तर तासाच्या आत गाठता येते. या जिल्ह्यात ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ हा भेद बोलण्यात रोज येतो, पण तो कोणत्याही आयत्या नकाशाच्या अंतरात दिसत नाही. भुसावळ आणि मुक्ताईनगर जळगाव जिल्ह्यात मोडतात. तेव्हा ‘माझ्या जिल्ह्यातील कार्यक्रम’ अशी गाळणी लावली तर सोयीचे तेच गळून जाईल.

किती अंतराला जवळ म्हणावे याचा घोळ सरकारी यंत्रणेलाही चुकला नाही. रेल्वेने अनारक्षित तिकिटांसाठी काढलेल्या यूटीएस ॲपमध्ये स्थानकापासून ठरावीक अंतरातच तिकीट काढता येईल, अशी अदृश्य कुंपणाची योजना होती. उपनगरी क्षेत्राबाहेर ही मर्यादा आधी ५ किलोमीटर होती, नोव्हेंबर २०२२ मध्ये ती २० किलोमीटर करण्यात आली आणि एप्रिल २०२४ मध्ये बाहेरची मर्यादा काढूनच टाकण्यात आली. गाडीत बसल्यावर किंवा फलाटावर तपासनीस दिसल्यावर तिकीट काढता येऊ नये, म्हणून आतली मर्यादा तेवढी राहिली. घरून निघताना तिकीट काढू पाहणाऱ्या खेड्यातल्या प्रवाशाला ५ किलोमीटरचे कुंपण काय कामाचे, हे उघडच होते.

कार्यक्रमांच्या बाबतीत एकच मर्यादा सर्वांना लावणे चूक ठरेल. वाचनालयातल्या व्याख्यानाला माणूस पायी येईल तेवढ्याच अंतरावरून येतो. हरिनाम सप्ताहाच्या काल्याला पंचक्रोशी लोटते. नोकरभरतीच्या मेळाव्याला तरुण पन्नास किलोमीटर जायला तयार असतो आणि शेगावला तर लोक पायी दिंडी घेऊन जिल्हे ओलांडतात. म्हणजे परीघ कार्यक्रमाच्या प्रकारावरून ठरला पाहिजे, आणि मोजायचा तो किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा बस किंवा रेल्वेने लागणाऱ्या वेळात.

तारीख की तिथी?

परदेशी बनावटीच्या दिनदर्शिका-आज्ञावलींमध्ये ‘दरवर्षी याच तारखेला’ असा एक पर्याय असतो. सिंदखेडराजाच्या जिजाऊ जन्मोत्सवाला तो चालतो, कारण तो १२ जानेवारीला होतो. शेगावच्या गजानन महाराज प्रकट दिनाला तो चालत नाही. माघ वद्य सप्तमी २०२४ मध्ये ३ मार्चला आली, तर २०२५ मध्ये २० फेब्रुवारीला. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची प्रसिद्ध घटमांडणी अक्षय्य तृतीयेला सायंकाळी शेतात होते आणि पीकपाण्याचे भाकीत दुसऱ्या दिवशी पहाटे सांगितले जाते; ती अक्षय्य तृतीया २०२४ मध्ये १० मेला होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. भाकितावर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण तेथे जाणाऱ्याला तारीख बरोबर मिळाली पाहिजे. सैलानीची यात्रा होळीच्या सुमारास भरते. ईद चंद्रदर्शनावर ठरते आणि तिचा दिवस आदल्या रात्रीपर्यंत पक्का नसतो.

यात आणखी एक गाठ आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला. म्हणून आपल्याकडची माघ वद्य सप्तमी मध्य प्रदेशातल्या पंचांगात फाल्गुन कृष्ण सप्तमी असते. मध्य प्रदेशाची सीमा मलकापूरपासून फार दूर नाही आणि शेगावकडे जाणारा भाविकही तिकडून येतोच. तिथीवरून तारीख काढणारी आयती आज्ञावली उत्तर भारतीय पद्धतीची असेल आणि रचनाकाराने ते तपासले नसेल, तर प्रकट दिन एक महिना आधी दाखवला जाईल. अधिक मास आला की गोंधळ वाढतो. यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. ॲपने तारखेबरोबर तिथीही नोंदवावी, वर्षारंभी पंचांग पाहून सर्व तारखांचा तक्ता माणसाने भरावा आणि कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी आयोजकाकडून एकदा खात्री करून घ्यावी.

वेळेचे काय, हाही प्रश्न आहेच. पत्रिकेवर ‘सायंकाळी ठीक ७ वाजता’ छापलेला कार्यक्रम ठीक सातला सुरू होतो, असे कोणी मनापासून मानत नाही. संपण्याची वेळ तरी कायद्याने बऱ्यापैकी ठरवून दिली आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासमारंभांसाठी वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकते. बाहेरगावाहून येणाऱ्याला परतीची शेवटची बस धरायची असते. त्यामुळे कार्यक्रम कधी संपेल ही माहिती त्याला सुरू होण्याच्या वेळेइतकीच मोलाची असते.

माहिती कोण भरणार?

आतापर्यंतचे सारे प्रश्न कागद-पेन्सिल घेऊन बसले तर सुटणारे आहेत. खरा पेच येथून पुढे आहे. ठिकाणावर आधारित सेवांचा जगातला इतिहास फार आश्वासक नाही. न्यूयॉर्कमध्ये २००० साली ‘डॉजबॉल’ नावाची सेवा निघाली. आपण कोठे आहोत हे संदेशाने कळवायचे आणि जवळपास असलेल्या मित्रांना ते समजायचे, अशी तिची योजना होती. गुगलने ती २००५ मध्ये घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. तिचेच एक जनक डेनिस क्राउली यांनी नवीन सेल्वादुरै यांच्यासह २००९ मध्ये ‘फोरस्क्वेअर’ काढले. काही वर्षे त्याचा मोठा बोलबाला झाला. परंतु शहरातल्या जागा शोधून देणारे त्याचे ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले.

महाराष्ट्रातले टिकलेले उदाहरण म्हणजे ‘एम-इंडिकेटर’. सचिन टेके यांनी २०१० मध्ये तयार केलेल्या या ॲपने मुंबईच्या लोकलचे वेळापत्रक फोनमध्ये आणले. इंटरनेट नसतानाही ते चालत असे. पुढे त्यात मेगाब्लॉकची सूचना, रिक्षाचे भाडे आणि नाटकांचे प्रयोग अशी भर पडत गेली. हे ॲप टिकण्याचे एक कारण त्याच्या मालात आहे. लोकलचे वेळापत्रक रेल्वे स्वतः प्रसिद्ध करते आणि एकदा भरले की ते महिनोन्‌महिने उपयोगी पडते. आजच्या कार्यक्रमाची माहिती रात्री शिळी होते. रोज ताजी भाजी आणावी तशी ती रोज आणावी लागते. चार दिवस नवे काही दिसले नाही की वापरकर्ता ॲप उघडणे सोडतो आणि वापरकर्ते नाहीत म्हणून आयोजकही माहिती देणे सोडतात.

मलकापुरात ही ताजी माहिती कोठे मिळेल? बारकाईने पाहिले तर ती कोठे ना कोठे लेखी स्वरूपात आधीच असते. कार्यक्रम ठरला की आयोजक सर्वांत आधी फ्लेक्स आणि पत्रिका छापणाऱ्याकडे जातो, मग मंडपवाल्याकडे. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी बंधनकारक असल्याने पोलिस ठाण्यातही अर्ज जातो. छापखान्याच्या संगणकावर गावातल्या जवळपास प्रत्येक जाहीर कार्यक्रमाचे नाव, वार, वेळ आणि स्थळ चार-आठ दिवस आधी टाइप झालेले असते. ॲपचा पहिला भागीदार म्हणून नकाशाची कंपनी शोधण्यापेक्षा हा छापखानेवाला गाठणे अधिक शहाणपणाचे. आयोजकाची संमती घेऊन त्याने तोच मजकूर ॲपमध्ये उतरवला, तर कोणाला वेगळे कष्ट पडत नाहीत. मोबदला म्हणून त्याच्या छापखान्याचे नाव नोंदीखाली झळकले तरी त्याला ते चालण्यासारखे आहे.

नोंदीचा तक्ता मराठीत आणि मिनिटभरात भरून होईल एवढाच असावा. काय, कधी, कोठे या तीन गोष्टी सक्तीच्या, बाकी सर्व ऐच्छिक. ‘कोठे’ हा रकाना मात्र शहरी रचनाकाराला चकवतो. ‘दुर्गा चौक’ नकाशावर सापडेल. पण शंकरपट भरतो तो कोणाच्या तरी शेतात, तेथे ना गल्लीचे नाव ना घराचा क्रमांक. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतींबाबतचा कायदा वैध ठरवल्यानंतर असे पट पुन्हा राजरोस भरू लागले. अशा जागेसाठी टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला ‘डिजिपिन’ उपयोगी पडू शकतो. त्यात साऱ्या देशाची सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत विभागणी केली असून प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-अंकांचा संकेत आहे. अर्थात तो संकेत यंत्रासाठी. माणसासाठी ‘अमक्या फाट्यावरून आत, विहिरीजवळ’ ही खूण सोबत हवीच.

खोट्या नोंदींचा धोका येथे गृहीत धरावा लागतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. एका विशिष्ट परिसरातल्या सर्वांच्या फोनवर एकदम सूचना पाठवू शकणारे साधन अफवेच्या हाती लागले तर काय होईल, हे सांगायला नको. त्यामुळे अनोळखी व्यक्तीची नोंद कोणी जबाबदार माणसाने पाहिल्याखेरीज दिसू नये आणि गावभर सूचना धाडण्याचा अधिकार कोणालाही नसावा. सूचना ज्याने जो विषय निवडला त्याला, त्या विषयापुरती.

कोण कोठे गेले?

माणूस कोणत्या कीर्तनाला गेला, कोणत्या दर्ग्याच्या उरुसाला, कोणत्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याला आणि कोणत्या पक्षाच्या सभेला, याची यादी हाती आली की त्याचा धर्म, जात आणि राजकारण विचारावे लागत नाही. लहान गावात ही यादी ओळखीच्याच कोणाच्या तरी हाती पडणार असते. एखादी मुलगी रोज सायंकाळी कोणत्या वर्गाला जाते हे कळणे तर सरळ धोक्याचे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. १८ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना घेण्यास आणि त्यांच्या हालचालींवर पाळत ठेवण्यास त्यात मनाई असून सवलती मोजक्याच आहेत.

गाव लहान असण्याचा येथे फायदा होतो. मुंबईतले सारे कार्यक्रम एका फोनमध्ये मावणे कठीण, म्हणून तेथे फोन आपले ठिकाण सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर जवळचे तेवढे निवडून पाठवतो. मलकापूर आणि लगतच्या तालुक्यांतले आठवड्याचे दोनशे कार्यक्रम धरले आणि प्रत्येकाची माहिती पाचशे अक्षरांची धरली, तर देवनागरीचे एक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात या हिशेबाने हा सारा ऐवज तीनशे किलोबाइटच्या घरात जातो. मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राहूनही तो बहुधा लहान भरेल. म्हणजे सगळी यादी सकाळी एकदा सर्वांच्या फोनवर उतरवावी आणि जवळचे कोणते ही निवड फोनने स्वतःच्या पोटात करावी. सर्व्हरला कोण कोठे आहे हे कळण्याचे कारणच उरत नाही. खेड्यात गेल्यावर नेटवर्क गेले तरी यादी हाताशी राहते. पाळत नको म्हणून बॅटरीही वाचते, कारण ठिकाण विचारायचे ते ॲप उघडले तेव्हाच.

खर्चाचा भाग उरतो. स्थानिक व्यापाऱ्यांच्या जाहिराती हा दिसणारा मार्ग आहे. पैसे देणाऱ्याचा कार्यक्रम यादीत सर्वांत वर, ही त्याची नेहमीची अडचण. मोफत शिबिर भरवणाऱ्या संस्थेकडे वर येण्यासाठी पैसे नसतात, म्हणून जाहिरात आणि यादी या दोन वेगळ्या जागा ठेवाव्या लागतील.

हे सर्व उभारण्यापूर्वी एक चाचणी मात्र कोणतीही आज्ञावली न लिहिता घेता येते. महिनाभर एका वहीत, गावातल्या फ्लेक्स छापणाऱ्यांकडे आणि वाचनालयाच्या फलकाजवळ रोज चक्कर टाकून, प्रत्येक कार्यक्रमाचे नाव, वेळ आणि जागा लिहून काढायची. झालेल्या कार्यक्रमापुढे तो खरोखर कधी सुरू झाला हेही नोंदवायचे. दिवसाला चार-पाच नवी नावे मिळाली तर ॲपला रोज दाखवण्यासारखे काही आहे. आठवड्याला चारच मिळाली, तर व्हॉट्सॲपवरचा एक गट आणि चौकातला फलक यांवर काम भागेल.